वृद्धाश्रमाची निवड आणि खर्चाची तरतूद

झाशी शहरातील इलाइट चौराहा हा रेल्वे स्थानक आणि जुने शहर यांच्या दरम्यानचा गजबजलेला चौक आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांच्या आणि नंतर नेवाळकर घराण्याच्या काळात अनेक मराठी कुटुंबे झाशीत स्थायिक झाली. त्यांच्या पुढील पिढ्यांतील अनेकांनी रेल्वेत व सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. आता तरुण मंडळी नोकरीसाठी पुणे, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत जातात आणि घरात वडीलधारी माणसे मागे राहतात.

उदाहरणादाखल या चौकाजवळच्या जुन्या घरात एकट्या राहणाऱ्या ७६ वर्षांच्या एका विधवा काकूंची कल्पना करावी. पती रेल्वेत होते, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. अपत्य नाही. जवळचा नातेवाईक म्हणजे पुण्यात नोकरी करणारा पुतण्या. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यानंतर काकूंना एकटे ठेवणे योग्य नाही, हे सर्वांना पटले आहे. पण पुण्यातील दोन खोल्यांच्या घरात दिवसभर त्यांच्याजवळ कोण थांबणार? अशा वेळी वृद्धाश्रमाचा विचार पुढे येतो. हा निर्णय भावनेचा असतो, तसाच तो कायद्याचा आणि अर्थशास्त्राचाही असतो. या तिन्ही बाजूंचा क्रमाने विचार न केल्यास त्याची किंमत वृद्ध व्यक्तीलाच मोजावी लागते.

प्रश्नाचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर उत्तर प्रदेशात ७.७ टक्के होते. अधिकृत अंदाजानुसार २०३१ मध्ये ही संख्या १९.४ कोटींवर, म्हणजे १३.१ टक्क्यांवर जाईल. आयुर्मान वाढत आहे, कुटुंबे लहान होत आहेत आणि रोजगारासाठी स्थलांतर वाढत आहे. या तीन कारणांनी घरातील काळजीची परंपरागत व्यवस्था अपुरी पडू लागली आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्य मिळण्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९९९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम चालविण्याची योजना १९६३ पासून, तर मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ पासून आहे. तरीही काळजीचा बहुतांश भार आजही कुटुंबावरच आहे.

आधी गरज, मग जागा

‘वृद्धाश्रम’ या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या व्यवस्था येतात. स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी निवृत्तांची वसाहत असते. तेथे सदनिका विकत किंवा भाड्याने मिळते. भोजन, स्वच्छता व सुरक्षा सामाईक असते. स्नान, औषधे, चालणे यांत मदत लागणाऱ्यांसाठी मदतनीस असलेला वृद्धाश्रम असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी परिचारिका व डॉक्टरांची देखरेख असलेले शुश्रूषागृह लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी प्रशिक्षित कर्मचारी आणि व्यक्ती एकटी बाहेर जाऊन हरवणार नाही अशी रचना आवश्यक असते.

या प्रकारांतील खर्चात मोठे अंतर असते. म्हणून दरपत्रके गोळा करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि व्यक्तीला आज कोणती मदत लागते व पुढील तीन-चार वर्षांत कोणती लागू शकेल, याची यादी करावी. आज चालत्या-फिरत्या असलेल्या काकू उद्या अंथरुणाला खिळल्या, तर तोच आश्रम त्यांना ठेवून घेईल काय, हा पहिला प्रश्न आहे. अनेक संस्था केवळ चालत्या-फिरत्या व्यक्तींनाच ठेवतात.

ठिकाणाची निवडही याच टप्प्यावर करावी लागते. पुणे पुतण्याला सोयीचे. पण काकूंचे डॉक्टर, रेल्वे रुग्णालयाची सवलत, शेजार आणि आयुष्यभराच्या ओळखी झाशीत आहेत. काकूंची संमती ही येथे केवळ औपचारिकता नव्हे. निर्णयक्षम प्रौढ व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध आश्रमात ठेवण्याचा अधिकार नातेवाइकाला नाही.

कायदा काय सांगतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या विषयातील मुख्य कायदा होय. या कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा समावेश होतो. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणारे आई-वडील आपल्या सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याकडून चरितार्थाची मागणी करू शकतात.

अपत्य नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या बाबतीत तरतूद वेगळी आहे. त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे आणि ज्याची पुरेशी ऐपत आहे, अशा सज्ञान नातेवाइकावर चरितार्थाची जबाबदारी येते. असे वारस एकापेक्षा अधिक असतील, तर मालमत्तेतील हिश्श्याच्या प्रमाणात ती विभागली जाते. म्हणजेच काकूंच्या पश्चात घर पुतण्याला मिळणार असेल, तर त्याची कायदेशीर जबाबदारी केवळ नात्यातून नव्हे, तर मालमत्तेच्या संबंधातून निर्माण होते. मात्र काकूंचे स्वतःचे उत्पन्न पुरेसे असेपर्यंत ही मागणी उभी राहत नाही.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील निर्वाह न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. ज्येष्ठ नागरिक जेथे राहतो किंवा शेवटी राहत होता, अथवा जेथे मुले किंवा नातेवाईक राहतात, अशा कोणत्याही जिल्ह्यात तो करता येतो. काकूंना त्यामुळे झाशी व पुणे हे दोन्ही पर्याय खुले राहतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक स्थितीत ३० दिवसांची एकच मुदतवाढ देता येते. चरितार्थाची कमाल रक्कम राज्य सरकार ठरविते. पण ती दरमहा १०,००० रुपयांहून अधिक असू शकत नाही. ही मर्यादा काढून टाकण्यासाठी, तसेच ज्येष्ठांच्या निवासगृहांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद करण्यासाठी २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. पण २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून जाणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे.

सरकारी व अनुदानित आश्रम

अधिनियमाच्या कलम १९ नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम स्थापन करू शकते. उत्तर प्रदेशात समाजकल्याण विभागाने सर्व ७५ जिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांमार्फत असे आश्रम चालविण्याची पद्धत स्वीकारली आहे. याशिवाय केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेखाली स्वयंसेवी संस्थांना निराधार ज्येष्ठांच्या निवासगृहांसाठी अनुदान मिळते. हे आश्रम निर्वाहाचे साधन नसलेल्यांसाठी आहेत. निवृत्तिवेतन व घर असलेल्या काकू त्यांत बसत नाहीत; मात्र गरीब कुटुंबातील वृद्धांसाठी पहिली चौकशी येथेच व्हावी. राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक साहाय्यवाणीचा क्रमांक १४५६७ आहे.

खर्चाचा हिशेब

मध्यम उत्पन्न गटाला बहुधा शुल्क आकारणाऱ्या आश्रमाकडे वळावे लागते. काकूंचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासह दरमहा १४,००० रुपये आहे, असे धरू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत गुंतवणूक करता येते. व्याजदर ८.२ टक्के धरल्यास १० लाख रुपयांवर वर्षाला ८२,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८३३ रुपये पडतात. व्याज तिमाहीने मिळते. एकूण मासिक उत्पन्न २०,८३३ रुपये झाले. आश्रमाचे शुल्क १६,००० आणि औषधे व किरकोळ खर्च ३,००० रुपये धरल्यास १,८३३ रुपये शिल्लक राहतात. हिशेब जुळला, असे वाटते.

परंतु खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला, तर चार वर्षांनी १९,००० रुपयांचे जवळजवळ २५,८५० रुपये होतात आणि नऊ वर्षांत तो दुप्पट होतो. ठेवीवरील व्याज मात्र तेवढेच राहते. तेव्हा चार वर्षांनी निवृत्तिवेतन १९,००० रुपयांच्या घरात गेले, तरच तोंडमिळवणी होईल. महागाई भत्ता आणि ८० व्या वर्षापासून केंद्रीय निवृत्तिवेतनात मिळणारी २० टक्के अतिरिक्त वाढ यांचा येथे आधार होतो. ज्यांना असे निवृत्तिवेतन नाही आणि जे केवळ ठेवींच्या व्याजावर जगतात, त्यांची क्रयशक्ती दरवर्षी घटत जाते. म्हणून आजचे शुल्क परवडते काय, हा प्रश्न अपुरा आहे. दहाव्या वर्षीचे शुल्क कोठून येईल, हा खरा प्रश्न होय.

आयुष्मान भारत योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता दिला जातो. त्यातून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. आश्रमाचे मासिक शुल्क मात्र त्यातून भागत नाही. सरकारने किंवा आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने चालविलेल्या वृद्धाश्रमाच्या सेवेला, निवास-भोजनासह शुल्क दरमहा २५,००० रुपयांपर्यंत असल्यास, २०१८ पासून वस्तू व सेवा करातून सूट आहे. इतर संस्थांच्या दरात कर धरला आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

घराचे काय करावे?

मध्यमवर्गीय वृद्धांची सर्वांत मोठी संपत्ती म्हणजे राहते घर. ते भाड्याने दिल्यास नियमित उत्पन्न मिळते आणि मालकीही टिकते. २००७ पासून उलट तारण कर्जाची, म्हणजेच रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे. त्यात ६० वर्षांवरील घरमालकाला घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक हप्त्यांनी रक्कम मिळते. परतफेडीची वेळ सामान्यतः त्याच्या पश्चात येते आणि वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेता येते. मात्र ही सोय मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी आहे. कायमचे आश्रमात जाण्याचे ठरल्यास ती उपयोगी पडेलच असे नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे ‘पुढे सांभाळतील’ या विश्वासावर आधीच घराचे बक्षीसपत्र करून देणे. कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकाच्या इच्छेनुसार ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. तथापि, अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. झाशीच्या शेजारच्या छतरपूर येथील एका मातेने मुलाला दिलेले घर जानेवारी २०२५ च्या निकालाने तिला परत मिळाले. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळाचे वचनपत्रही लिहून दिले होते, आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावावा, असे न्यायालयाने म्हटले. बोध स्पष्ट आहे : अट तोंडी ठेवू नये, दस्तातच लिहावी. मृत्युपत्र हयातीत बदलता येते आणि मृत्यूनंतरच अमलात येते. म्हणून बहुतेक वेळा तोच सुरक्षित मार्ग ठरतो.

पाहणी आणि करार

खाजगी वृद्धाश्रमांच्या नोंदणीचा व दर्जाचा देशव्यापी कायदा नसल्याने प्रत्यक्ष पाहणी आणि लेखी करार हेच कुटुंबाचे मुख्य संरक्षण आहे. आश्रम एकदा सकाळी आणि एकदा न कळवता संध्याकाळी पाहावा. रात्रपाळीला किती मदतनीस असतात, शौचालयात आधाराचे दांडे आहेत काय, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, औषधांची नोंद कोण ठेवतो, हे विचारावे. तेथे राहणाऱ्यांशी व्यवस्थापकाच्या अनुपस्थितीत बोलावे. शक्य असल्यास महिनाभर तात्पुरते राहून मग निर्णय घ्यावा.

करारात अनामत रक्कम व ती परत मिळण्याची मुदत, वार्षिक शुल्कवाढीची मर्यादा, शुल्कात समाविष्ट नसलेल्या सेवांचे दर, रुग्णालयात असतानाच्या काळातील आकारणी, प्रकृती खालावल्यास किंवा पैसे संपल्यास काय होईल आणि आश्रम सोडण्याची पूर्वसूचना या बाबी स्पष्ट असाव्यात. बँक खाते काकूंच्याच नावावर राहावे; पुतण्याला व्यवहाराचा अधिकार द्यावयाचा असल्यास तो मर्यादित व लेखी असावा.

समारोप

गरज, अधिकार, पैसा आणि करार हा क्रम पाळला, तर वृद्धाश्रम म्हणजे टाकून देणे ठरत नाही. क्रम उलटला, म्हणजे आधी घर नावावर करून घेतले आणि मग स्वस्त जागा शोधली, तर अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडण्याची वेळ वृद्धेवर येते. कायद्याने दिलेले साधन उपयुक्त आहे. पण दहा हजारांची मर्यादा आणि खाजगी आश्रमांवरील नियमनाचा अभाव या त्यातील उणिवा आहेत. त्या दूर होईपर्यंत इलाइट चौराह्याजवळच्या त्या घराची किल्ली काकूंच्याच पदराला असणे, ही त्यांच्या सन्मानाची सर्वांत साधी हमी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) अपत्य नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या चरितार्थाची जबाबदारी कोणावर व कोणत्या अटींवर येते?
२) २००७ च्या अधिनियमातील कलम १९ व कलम २३ यांचे महत्त्व स्पष्ट करा.
३) ‘वृद्धांच्या निवासी सेवेचे नियमन ही काळाची गरज आहे.’ चर्चा करा.