जिवाणू-संवर्धकाची भुकटी : साठवण व वापर

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. हॉलंडमधील शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८८८ साली ते प्रथम वेगळे काढले. आज ते बहुधा लिग्नाइट या तपकिरी कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटांतून पुरविले जातात. ही भुकटी युरियाप्रमाणे निर्जीव नव्हे. जिवाणू मेले तरी ती दिसण्यात तशीच राहते; चूक ध्यानात येते ती पेरणी होऊन गेल्यावर.

ओलावा का हवा?

विरजणाचे जिवाणू दूधभुकटी वा साखरेचे संरक्षण देऊन, गोठवून व निर्वात स्थितीत पाणी काढून अगदी कोरडे करता येतात. हवाबंद वेष्टनात थंड ठेवल्यास ते दीर्घकाळ टिकतात. रायझोबियमची भुकटी मात्र अशी कोरडी केलेली नसते. हा जिवाणू बीजाणू तयार करीत नाही. उन्हात वाळताच झपाट्याने मरतो. म्हणून खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीत ३० ते ४० टक्के ओलावा व दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. भुकटी दमट लागली म्हणून पाकीट उन्हात घालू नये.

साठवण

पेरणीपूर्वीचा मे महिना सर्वांत धोक्याचा. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत पाकिटे ठेवू नयेत. सावलीत, ओल्या वाळूत बसविलेल्या मडक्यात ती ठेवावीत. वाळूचे पाणी आत जाऊ देऊ नये. खते व कीटकनाशके यांपासून ती दूर असावीत. खरेदीच्या वेळी पिकाचे नाव व अंतिम मुदत वाचावी. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही.

वापर

१० किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी घ्यावी. गूळ पाण्यात उकळून द्रावण पूर्ण थंड करावे, त्यात भुकटी कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावी. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

पडताळा

पेरणीनंतर सुमारे पाच आठवड्यांनी काही रोपे मातीसह अलगद उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतील रंग गुलाबी असल्यास जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पडताळा शेतकऱ्यांसमक्ष, त्यांच्याच शेतात करून दाखवावा.