पावसाळ्यातला घरगुती एलईडी दिवा कोणत्या पिकाला परवडतो?

आषाढ-श्रावणात आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. खिडकीतली कोथिंबीर आणि पडवीतल्या प्रो-ट्रेमधली रोपे उजेडाकडे झुकत लांबट वाढतात, देठ बारीक राहतात आणि ओलाव्याने मर लागते. अशा वेळी घरच्या रॅकवर एलईडी दिवे जोडून पीक घ्यावे, हा विचार चांगलाच आहे. दिवा बनवणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र त्याखाली जे उगवेल ते सगळेच परवडेल, असे नाही. कमी दिवसांत तयार होणाऱ्या आणि थोड्या उजेडावर भागणाऱ्या पिकालाच घरगुती दिवा लावावा, आणि सामान आणण्याआधी विजेचा हिशेब कागदावर मांडावा, असा या हंगामाचा सल्ला आहे.

आधी मोजमाप पाहू. दिव्याचे वॅट म्हणजे त्याने खाल्लेली वीज. झाडाला कामाचा उजेड पानावर किती पडतो, हे त्यावरून कळत नाही. हा उजेड दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो, असा मोजतात. निरभ्र दुपारी उघड्यावर तो 2,000 च्या आसपास असतो. मायक्रोग्रीन्सचे 100 वर भागते, लेट्यूसला 14 तास 200 च्या जवळपास लागतो आणि टोमॅटोला दिवसभरात लेट्यूसच्या दुपटीने उजेड हवा. यासाठी महागडे मीटर घ्यायची गरज नाही. पांढऱ्या एलईडीखाली साधारण 70 लक्स म्हणजे 1 मायक्रोमोल, असे धरून साधे लक्समीटर वापरता येते. 4 बाय 2 फुटांच्या कप्प्यावर 20 वॅटच्या, प्रत्येकी 2,000 लुमेनच्या सहा बॅटन शेजारी-शेजारी लावा आणि तिन्ही बाजूंना पांढरा पत्रा किंवा फ्लेक्स लावा. मग पानांच्या उंचीवर 12 ते 13 हजार लक्स, म्हणजे सुमारे 180 मायक्रोमोल मिळायला हवेत. कोपऱ्यांतही मोजा, कारण कडेला उजेड नेहमी कमी पडतो.

आता खर्च. घरगुती मीटरवर वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून सरासरी दर न घेता आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरावा. इथे युनिटला 10 रुपये धरू. मायक्रोग्रीन्सना तीनच बॅटन पुरतात. रोज 12 तास, सहा दिवस दिवे लावले तर साडेचार युनिटच्या आत भागते. कप्प्यात 10 बाय 20 इंचांचे चार ट्रे बसतात, म्हणजे ट्रेमागे विजेचे अकराएक रुपये. लेट्यूसला सहाही बॅटन 14 तास लागतात. 30 दिवसांत 50 युनिट जळतात आणि 18 गड्ड्यांवर वाटल्यास गड्ड्यामागे 28 रुपये पडतात. हॉटेलला थेट माल देणाऱ्यालाच हे जमेल. टोमॅटोला याच जागेत रोज पावणेचार युनिटच्या घरात वीज लागेल. 100 दिवसांचे 3,700 रुपये होतात आणि 10 किलो माल निघाला असे धरले तरी किलोमागे 370 रुपये नुसत्या विजेचे. भाजीच्या रोपांचा हिशेब मधला आहे. चार प्रो-ट्रेमधली 392 रोपे 25 दिवस पूर्णपणे दिव्यावर वाढवली तर रोपामागे रुपयाहून थोडे अधिक जाते. म्हणून रोपवाटिकेत दिवा उगवणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांपुरताच वापरावा.

जांभळ्या रंगाचे खास दिवे घेतले तर हे गणित बदलेल, असा आक्षेप येतो. के. जे. मॅक्री यांनी 1972 मध्ये 22 पिकांच्या पानांवरची मोजणी प्रसिद्ध केली. 400 ते 700 नॅनोमीटरमधला हिरवा उजेडही पाने प्रकाशसंश्लेषणाला वापरतात, हे त्यात स्पष्ट दिसते. पांढरा दिवा पुरतो, शिवाय त्याखाली पानावरचा डाग आणि कीड डोळ्यांना दिसते. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या कंपन्या घरात शेती करतात, मग आपण का नाही? अमेरिकेतल्या एअरोफार्म्सने जून 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बोवरी फार्मिंग 2024 मध्ये बंद पडली. त्यांचा भर पालेभाज्यांवर होता, आणि तिथेही दिव्यांची वीज हा मोठा खर्च होता. भांडवल असूनही हा खर्च पेलणे कठीण जाते, तर लहान उत्पादकाने पीक निवडताना अधिकच काटेकोर राहायला हवे.

दिवे वेळेवर लागणे-विझणे माणसावर सोडू नये. अखंड उजेडात टोमॅटोची पाने पिवळी पडतात, तर मोठ्या दिवसात पालक आणि कोथिंबीर फुलोऱ्याकडे वळतात. या दोघांना 12 तास पुरेत. चकतीचा यांत्रिक टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो. दोन तासांच्या भारनियमनानंतर सगळे वेळापत्रक दोन तास पुढे सरकते. म्हणून बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर घ्या. ईएसपी-32 बोर्ड वापरणार असाल तर सोबत बटन-सेल असलेले डीएस-3231 घड्याळ जोडा. वीज परत आल्यावर बोर्ड त्यावरून खरी वेळ घेतो. एलईडी सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, त्यामुळे रिले बेताच्या क्षमतेचा घेतला तर संपर्क चिकटून दिवे रात्रभर जळत राहतात.

पावसाळी दमटपणात सुरक्षेला पहिला मान. जास्त उजेडाच्या आशेने बॅटनचे पांढरे आवरण काढू नका. अनेक स्वस्त बॅटनमध्ये आतली पट्टी थेट 230 व्होल्टच्या लाइनशी जोडलेली असते आणि ओला हात लागला तर जीवावर बेतते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवेच. टायमर-रिलेचा डबा ट्रेच्या वरच्या बाजूला, पाण्यापासून दूर बसवा. मर टाळण्यासाठी लहान पंख्याने हवा खेळती ठेवा. यंदा एकच कप्पा मायक्रोग्रीन्सवर चालवा, सबमीटर लावून प्रत्येक खेपेचे युनिट आणि विक्रीचे पैसे वहीत लिहा. बियाणे, कोकोपीट आणि वीज वजा जाऊन पैसे उरताना दिसले, तरच दुसऱ्या कप्प्याचे सामान घ्या.