शेतकऱ्याचा शिक्षक

शास्त्रपाठ : यशया 28:23-29. सोबत वाचा : उत्पत्ति 1:11-13.



या पाठांत यशया संदेष्टा एका शेतकऱ्याकडे बोट दाखवितो. तो सगळ्या रानांत एकच दाणा फेंकीत नाहीं. जिऱ्याला एक जागा, गव्हाला दुसरी, जवाला तिसरी, आणि कडेला आणखी एक धान्य. हें शहाणपण त्याला कोणी दिलें? देवानें.

आपल्या पेठ तालुक्यांतील वडिलांसही हेंच शिक्षण मिळालें होतें. खाचरांत भात, उतारावरील वरकस जमिनींत नागली, वरई, खुरासणी, उडीद, कुळीद. पावसानें एक पीक गेलें, तरी दुसरें हातीं लागे. उडदाच्या मुळ्या जमिनीस कस देत, खुरासणीचें तेल घरांत येई. नागलींत तर पांढऱ्या तांदळाच्या तीस पटींहून अधिक कॅल्शियम असतें. तें लेंकरांच्या हाडांस बळ देतें.

एकाच पिकावर भिस्त ठेवणें धोक्याचें आहे. 1845 सालीं आयर्लंड देशांत बटाट्यावर रोग पडला. गरिबांचें पोट बहुतेक त्या एका पिकावरच होतें. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं.

कोणी म्हणतात, "नागली कणसरीची, आपण प्रभूचे झालों, मग तें जुनें बीं कशाला?" बंधूंनो, पूजा सोडली म्हणून दाणा सोडण्याचें कारण नाहीं. बीज देणारी वनस्पति कोणाच्या आज्ञेनें उगवली, हें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत पाहा.

विकतचें बियाणें घेणें पाप नव्हे. परंतु संकरित बियाण्याचें पीक पुढल्या पेऱ्यास तसेंच येत नाहीं. दरवर्षीं दुकान गांठावें लागतें. पीक बुडालें कीं उधारी फेडण्यास दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत जावें लागतें. मग उपासना ओस पडते व मुलांची शाळा बुडते.

अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. तरी त्यांनीं गावरान बियाणीं जपलीं व इतरांस वाटलीं. 2020 सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. आपणही कापणीपूर्वीं निरोगी, भरदार कणसें निवडावीं, निराळीं वाळवावीं, आणि राख मिसळून दाणे मडक्यांत ठेवावे. कापणीच्या उपकारस्तुतीस प्रत्येक घरानें एक मूठ बीं आणावें. ज्याचें बुडालें, त्यास तें द्यावें.

विचारार्थ प्रश्न :
1. आपल्या गांवांतून कोणतें धान्य नाहींसें झालें? तें कोणाच्या घरीं अजून आहे?
2. बीं जपणें हें विश्वासाचें काम कसें?
3. शेजारी आपल्या मंडळींतला नसला, तर त्यास बीं द्यावें कीं नाहीं?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, शेतकऱ्यास शिकविणारा तूंच आहेस. आम्हांस शिकीव, आणि आमच्या मुठी उघड. आमेन.