शाळा सुटल्यानंतरचे मंडळ

प्रश्न : मध्य प्रदेशातील लोधीखेड्यात शाळा सुटल्यावर मुलांसाठी मंडळ काढावयाचे आहे, आरंभ कसा करावा?

उत्तर : १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा मैदान, खेळ आणि समूहगीते एवढ्या अल्प भांडवलावर चालत, हे ध्यानी घेऊन आपणही इमारतीची प्रतीक्षा न करता नगर परिषदेकडे अर्ज गुदरून पटांगणाची लेखी परवानगी घ्यावी. घरी मराठी नि शाळेत हिंदी अशा मुलांसाठी उभय भाषांतील पुस्तकांची एक पेटी असावी. संत्रातोडणीच्या हंगामात वेळ बदलावी, मात्र दिवेलागणीपूर्वी मुले घरी पोचावीत. हजेरीवही व जमाखर्च पहिल्या दिवसापासून लिहावा. मंडळ स्थिरावताच किमान सात सभासदांनिशी मध्य प्रदेशाच्या १९७३च्या सोसायटी नोंदणी कायद्यान्वये नोंदणी करावी.