डिजिटल पुस्तक : मालकी कोणाची, हक्क कोणाचा?

इस्लामने माणसावर दोन प्रकारचे हक्क सोपविले आहेत : अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, म्हणजेच हुकूकुल इबाद. दुसऱ्या प्रकाराविषयी उलमा नेहमी सांगत आले आहेत की, ज्याचा हक्क बुडाला त्याला तो परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय केवळ तोंडी तौबा पुरेशी होत नाही. वजनात मारणे, मजुरी बुडविणे, उधार न फेडणे हे आपणांस चटकन ओळखू येते. परंतु आज घराघरांत मोबाइलवर जो व्यवहार होतो त्यातील हक्क डोळ्यांना दिसत नाही. पुस्तक, बयान, नअत किंवा सॉफ्टवेअर एका स्पर्शाने आपल्याकडे येते आणि दुसऱ्या स्पर्शाने शंभर जणांकडे जाते. येथे कोणाचा हक्क कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबाला आवश्यक झाले आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मराठीत या हक्काला प्रताधिकार म्हणतात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क त्याचा, त्याच्या वारसांचा किंवा त्याने ज्याला तो दिला त्या प्रकाशकाचा असतो. त्यानंतर ती रचना सर्वांसाठी खुली होते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ नुसार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते. परंतु शिक्षा कमी होणे म्हणजे कृत्य योग्य ठरणे नव्हे.

शरीअतची दृष्टी

जुन्या फिक्हच्या ग्रंथांत प्रताधिकाराचा उल्लेख नाही, कारण त्या काळी छापखाना नव्हता. पुढे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा आपल्या उपखंडातील काही उलमांनी असे मत दिले की, जी वस्तू हाताला लागत नाही तिची विक्री कशी होणार? इतर उलमांनी सांगितले की, लोकांच्या व्यवहारात ज्याला किंमत आहे आणि ज्यामागे कोणाचे तरी श्रम आहेत, तो हक्कही मालमत्तेप्रमाणे जपला पाहिजे. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की, लेखन, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित असून त्यांचे उल्लंघन करता येणार नाही.

या मतामागील आधार आपल्या परिचयाचे आहेत. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती गैरमार्गाने खाण्यास मनाई आहे. सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा आदेश आहे. दीनच्या कामासाठी मोबदला घेणेच चुकीचे, असे ज्यांना वाटते त्यांनी सहीह बुखारीतील ती घटना आठवावी : दंश झालेल्या टोळीप्रमुखावर सूरह फातिहा पढून काही सहाबांना बकऱ्या मिळाल्या, आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो मोबदला योग्य ठरविला.

सवाबाच्या नावाखाली

आपल्या घरांत सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. एखादे दीनी पुस्तक पाने स्कॅन करून समूहावर टाकले जाते आणि पाठविणारा समाधान मानतो की, आपण सवाब कमावला. प्रिय वाचकहो, थोडा विचार करा. कुरआनच्या अरबी मजकुरावर कोणाही माणसाचा प्रताधिकार नाही. परंतु अलीकडच्या काळात झालेल्या त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क आहे. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि कागदाचा खर्च आहे. मराठीत इस्लामी पुस्तके काढणाऱ्यांचा वाचकवर्ग मुळातच मर्यादित. पहिली आवृत्ती गोदामात पडून राहिली तर दुसरे पुस्तक निघत नाही, आणि त्याचा तोटा आपल्याच मुलांना होतो. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या मालातून सदका करता येत नाही.

अनेक प्रकाशक पुस्तिका विनामूल्य वाटण्याची परवानगी स्वतःहून देतात. पुस्तकाचे दुसरे पान उघडून ती परवानगी आहे का, हे पाहावे. नसेल तर प्रकाशकाला विचारावे.

जे मोकळे आहे ते बंद समजू नका

हलालला हराम ठरविणे हीदेखील चूकच आहे. भयापोटी आपले हक्क सोडून देण्याचे कारण नाही. कायद्याचे कलम ५२ ग्राहकाला बरेच काही देते. खासगी वापर, संशोधन आणि समीक्षा यांसाठी रचनेचा उचित वापर करता येतो. आपल्याकडील सॉफ्टवेअर नष्ट होऊ नये म्हणून त्याची राखीव प्रत ठेवता येते. अंध व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तक ब्रेल लिपीत किंवा ध्वनिरूपात करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा दिली.

शिक्षणासाठीही मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक झेरॉक्स दुकान विद्यार्थ्यांना नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणांचे संच करून देत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्यावर दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकविण्याच्या ओघात लागणाऱ्या अशा प्रती कायद्याच्या सवलतीत बसतात, असे तत्त्व मान्य केले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र शिक्षकाने वर्गासाठी प्रकरण देणे वेगळे आणि संपूर्ण पुस्तक शेकडो अनोळखी लोकांना पाठविणे वेगळे.

खरेदी की भाडे?

आता दुसरी बाजू. हक्क केवळ लेखकाचा नसतो; दाम मोजणाऱ्याचाही असतो. छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत तुमची झाली. ती मित्राला द्या, मदरशाला वक्फ करा, जुन्या बाजारात विका. तुमच्या पश्चात ती वारसांना मिळेल. एकदा बाजारात आलेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर लेखकाचे नियंत्रण राहत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र ‘खरेदी करा’ हे बटण दाबूनही बहुधा केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले; पण एका विद्यार्थ्याने त्यावर केलेली टिपणे निरुपयोगी झाली. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

फिक्हच्या भाषेत बैअ म्हणजे विक्री आणि इजारा म्हणजे भाडे. दोन्ही जाइज आहेत. परंतु भाड्याला विक्री म्हणणे आणि ग्राहकाला अंधारात ठेवणे हे ग़रर, म्हणजे व्यवहारातील संदिग्धता होय, आणि त्याची मनाई आहे. माप घेताना पूर्ण घेणारे आणि देताना कमी देणारे यांना सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये कठोर इशारा आहे; तो केवळ धान्याच्या मापापुरता समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की, केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तू व सेवेची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. तो मागण्यास संकोच करू नये.

घरात काय करावे?

जे पुस्तक पुन्हापुन्हा वाचायचे, मुलांना द्यायचे किंवा वक्फ करायचे आहे ते शक्यतो छापील घ्यावे. डिजिटल घेताना प्रत कायमची मिळते की केवळ परवाना, हे आधी पाहावे. दुकानात, क्लासमध्ये किंवा घरी चोरीचे सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाकावे; विनामूल्य आणि मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. परवानगीविना आलेले पुस्तक पुढे पाठवू नये. आजवर पाठविले असेल तर ते हटवावे आणि शक्य असल्यास एक प्रत विकत घेऊन किंवा प्रकाशकाला कळवून त्याचा हक्क पोहोचता करावा. मतभेदाच्या बाबतीत आपल्या विश्वासातील आलिमांचा सल्ला घ्यावा.

मुलांना हे आईवडिलांच्या वागण्यातूनच कळेल. ‘हे फुकट कोठे मिळेल?’ याआधी ‘हे कोणाचे आहे?’ असा प्रश्न घरात विचारला जाऊ लागला, तर हुकूकुल इबादचा एक धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही. अल्लाह आपणां सर्वांना हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.