पारख

इ. स. २०२० मध्ये कोरोनाची साथ महाराष्ट्रात आली, तेव्हा रोगाच्या आधी त्याच्या वार्ताच घरोघर पोहोचल्या. वर्तमानपत्रे होती, दूरदर्शन होते; पण सर्वांत मोठा ओघ हातातल्या मोबाइलमधून येत होता. कोणी वाफ घ्या म्हणे, कोणी काढा प्या म्हणे, कोणी दूरदेशीच्या एखाद्या डॉक्टरच्या नावावर नवेच औषध सुचवी. यांत खरे किती, हे पाहायला फारशी कोणाला सवड नव्हती. आलेला निरोप पुढे पाठवायला मात्र एक क्षण पुरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी रोगाच्या साथीबरोबर माहितीच्याही साथीचा इशारा दिला. ही दुसरी साथ काही नवी नव्हे. १८५४ साली लंडन शहराने ती चांगलीच अनुभवली होती.

त्या वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री लंडनमधील सोहो या दाट वस्तीत पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, एकाएकी उचल खाल्ली. अवघ्या दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते घरांना कुलपे लावून निघून गेले. वर्तमानपत्रांत एरंडेल, अफू, कापूर अशा नाना उपायांची गर्दी उसळली. १६६५ सालच्या प्लेगात मेलेल्यांची दफनभूमी नव्या गटारांच्या खोदकामात उकरली गेली, तिचाच हा कोप, अशी वदंता पसरली. बहुतेक डॉक्टरांचे मत असे, की दुर्गंधीने दूषित झालेल्या हवेतून पटकी पसरते. हे मत अगदीच वेडगळ नव्हते. जेथे घाण तेथे रोग, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. सरकारी आरोग्य मंडळाने निरीक्षक पाठवले. त्यांनी घराघरातील घाण व दुर्गंधी पाहिली. वाऱ्याची, उष्णतेची आणि हवेच्या दाबाची टिपणे जमली आणि त्यांचा जाडजूड अहवाल तयार झाला. माहितीला तोटा नव्हता. परंतु ती सारी एका ठरलेल्या उत्तरासाठी गोळा केलेली होती.

याच भागाजवळ डॉ. जॉन स्नो हे राहत असत. पटकी पाण्यातून पसरते, असा त्यांचा तर्क होता व तो त्यांनी १८४९ मध्येच छापून प्रसिद्ध केला होता. या वेळी त्यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपावर गेला. हा पंप विहिरीवर बसवलेला असून त्याची मूठ हलवून लोक पाणी भरीत. ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी ते पाणी तपासले. त्यात दोष म्हणावा असे फारसे काहीच दिसेना! ते थबकले. आपला तर्क खरा धरून ओरड करावी, की पाणी स्वच्छ दिसते म्हणून तो सोडून द्यावा? त्यांनी यांपैकी काहीच केले नाही. ते सरकारी नोंदणी कचेरीत गेले आणि त्यांनी मृतांची यादी मागून घेतली.

यादीतील ८३ मृत्यू तीन दिवसांतील होते. त्यांपैकी ७३ जणांची घरे याच पंपाच्या जवळ होती. उरलेल्या १० जणांना मात्र दुसरा पंप जवळचा होता. एवढा भरघोस पुरावा हाती असता त्या दहांची पर्वा कोण करतो? स्नो नेमके त्यांच्याच दारी गेले. पाच घरांतून उत्तर मिळाले, की आम्हांला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते, म्हणून आम्ही तेथूनच आणवतो. आणखी तीन मुले होती. त्यांची शाळा या पंपाजवळच होती.

मग स्नो यांनी उलट बाजूने विचार केला. पंपाजवळ राहूनही वाचले कोण? जवळच्या एका गरीबगृहात ५३५ माणसे दाटीने राहत होती. हवा तीच, वास तोच. पण तेथे अवघे ५ जण दगावले. त्या गरीबगृहाची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तराहून अधिक कामगार होते. त्यांतील एकही दगावला नाही. त्यांना कारखान्यातूनच बिअर मिळे. पंपाचे पाणी ते पीतच नसत, असे मालकाने सांगितले. याउलट, हॅम्पस्टेड भागात दूर राहणारी एक वृद्ध विधवा पटकीने गेली. तेथे साथ मुळीच नव्हती. चौकशी करता कळले, की पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे आणि तेथल्या पाण्याची गोडी न सुटल्यामुळे रोज गाडीतून त्याची बाटली मागवीत असे. तिच्या घरी आलेल्या भाचीनेही ते पाणी प्याले, आणि तीही गेली. वाऱ्याने हॅम्पस्टेडमधील एकच घर कसे निवडले असते?

७ सप्टेंबरला स्नो यांनी स्थानिक पंचांपुढे आपले म्हणणे मांडले आणि दुसऱ्या दिवशी पंपाची मूठ काढण्यात आली. पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट येथेच संपवलेली आढळते. तसे करणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, ही गोष्ट स्वतः स्नो यांनीच प्रांजळपणे नमूद करून ठेवली आहे. आरोग्य मंडळालाही त्यांचे म्हणणे पटले नाही.

पटले नाही असा आणखी एक मनुष्य होता. तो म्हणजे त्याच वस्तीतील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड. रोग्यांच्या उशाशी त्याने रात्री काढल्या होत्या. पंपाचे भरपूर पाणी पिऊनही बरी झालेली माणसे त्याच्या ओळखीची होती. अधिक बारकाईने चौकशी केली, तर स्नो यांचे म्हणणे खोटे ठरेल, अशी त्याची खात्री होती. म्हणून तो स्वतःच घरोघर फिरू लागला. काही घरी तर तो पुनःपुन्हा गेला. वस्ती सोडून गेलेल्यांचाही त्याने माग काढला. शेवटी त्याच्या वहीत आकडे उतरले ते असे : पंपाचे पाणी प्यालेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना पटकी झाली होती, न प्यालेल्या २९७ जणांपैकी २० जणांना.

जे खोडून काढायला व्हाइटहेड निघाला होता, तेच त्याच्या वहीत सिद्ध झाले होते. त्याने ते लपवले नाही. एवढेच नव्हे, तर स्नो यांना न सापडलेला धागाही त्यालाच सापडला. मृत्यूच्या नोंदी चाळत असता पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातील एका तान्ह्या मुलीची नोंद त्याला दिसली. साथ भडकण्यापूर्वीच ती आजारी पडली होती. तो तत्काळ त्या घरी गेला. मुलीची दुपटी धुतलेले पाणी आपण घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते, असे आईने सांगितले. १८५५ मध्ये तो खड्डा उकरला गेला. त्याच्या विटा कुजून ढिल्या झाल्या होत्या. खड्डा आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते.

स्नो १८५८ मध्ये वारले. आपले मत सर्वमान्य झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा पटकी आली. स्नो यांना मृतांची यादी देणारे विल्यम फार हे पूर्वी दूषित हवेच्या मताचे पुरस्कर्ते होते. या वेळी मात्र त्यांनी मेलेल्यांच्या घरी पाणी कोणत्या कंपनीचे येते, हे आधी पाहिले. व्हाइटहेडनेही तपासासाठी आपण होऊन आपले नाव दिले आणि तो पुन्हा एकदा घरोघर प्रश्न विचारीत हिंडू लागला.