काट्यावर उभं करण्याआधी

नेमणुकीची ऑर्डर हातात पडली, आता वर्ग मिळेल, हजेरी मिळेल आणि जून सरता सरता ऑफिसातून निरोप येईल, "बाई, मुलांची वजनं-उंच्या भरून द्या." बरेच जण गेल्या वर्षीच्या आकड्यांत दोन किलो नि पाच सेंटिमीटर मिळवून हे काम बसल्या जागी उरकतात. तू तसलं काही करू नकोस. मुलांच्या तब्येतीचं तुला जे सांगायचंय, ते सगळं या एका कामाच्या पोटात आहे.

आधी काटा तपास. स्प्रिंगचा काटा सतरंजीवर ठेवला की तो मनाला येईल ते दाखवतो. कडक फरशीवर ठेव, शून्यावर आण आणि वाण्याकडचं सीलबंद दहा किलोचं पोतं ठेवून बघ. उंचीची टेप भिंतीला बहुधा आपल्या आधीच्या कुणीतरी डकवलेली असते. तिचा शून्य जमिनीला टेकलाय का ते वाकून बघ. चपला काढायला लाव, टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पट्टी धरू नकोस, ती कलते. भूमितीचा मोठा लाकडी गुण्या प्रत्येक शाळेत धूळ खात पडलेला असतो, तो घे. मुलींच्या वर बांधलेल्या वेण्या सोडायला लाव, नाहीतर रिबिनीची उंची कागदावर चढते.

आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा नाही. "चाळीस!" असं एकदा वर्गात ऐकू गेलं की त्या पोराचं नाव दहावीपर्यंत 'ढोल्या'. बारक्यालाही 'काडीपैलवान' चिकटतंच. एकेकाला आत घे, आकडा तूच लिही, तोंडातून 'हं' सुद्धा काढू नकोस. मुलं आपला चेहरा वाचतात.

आता खरा मुद्दा. नुसतं वजन काही सांगत नाही, आणि आपला डोळा तर त्याहून कमी सांगतो. नऊ वर्षांच्या दोन मुली घे, दोघींचं वजन वीस किलो. एकीची उंची १२५ सेंटिमीटर, दुसरीची ११५. पहिली बारीक आहे: वीसला १.२५ नं दोनदा भाग, बीएमआय १२.८ येतो, म्हणजे वाढीच्या तक्त्यातल्या त्या वयाच्या खालच्या रेघेच्याही खाली. दुसरीचा येतो १५.१. छान! दिसायलाही ती गुटगुटीत, गाल भरलेले, आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते. पण नऊ वर्षांच्या मुलीला ११५ ही उंचीच खुजी आहे. तिची उपासमार जुनी आहे, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतली. तिला तेलकट-गोड चारून वजन वाढवलंस तर ती आडवी वाढेल, उंच होणार नाही. त्याच वर्गात १३५ सेंटिमीटर उंचीचा, चाळीस किलोचा मुलगा असतो, आणि त्याची आजी सांगते, "खात्यापित्या घरचा आहे." तिघांचे रोग वेगळे, तिघांची रजिस्टरातली ओळ मात्र सारखीच भरली जाते. म्हणून वय, उंची, वजन तिन्ही एका ओळीत घे आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब मार. एकटं टिंब मुकं असतं. डिसेंबरात दुसरं मार, मग रेघ बोलायला लागते.

२०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाचं सर्वेक्षण झालं. त्यात ५ ते ९ वर्षांच्या मुलांत शंभरात २२ खुजी, २३ बारीक आणि ४ वजनदार निघाली. या चारांना कमी समजू नकोस. आपल्या देशात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० मध्ये चार लाखांच्या आसपास होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटीवर गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. हातपाय काड्या, पण अंगात चरबी मात्र त्या मानानं भरपूर. असली मुलं पुढे भराभर अंग धरायला लागली की मधुमेह लवकर गाठतो. तेव्हा बारीक पोर एका वर्षात सहा किलोनं वाढलं म्हणून पेढे वाटायच्या आधी त्याची उंची बघ.

खिचडीच्या वेळी व्हरांड्यात उभी राहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा नियम आहे; सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. धान्य मापानं पातेल्यात पडतंही, पण डाळ तळाला बसते. ओगराळं वरवर फिरलं तर रांगेतल्या पुढच्यांना भात, मागच्यांना वरण. शिजवणाऱ्या मावशींना एवढंच म्हण, "मावशी, तळापासून ढवळा." हुकूम सोडू नकोस, तुटपुंज्या मानधनावर राबतात त्या. सोमवारी दुसऱ्यांदा ताट पुढे करणारी मुलं लक्षात ठेव, रविवारी घरी काय झालं ते कळतं. आणि जाड मुलानं पुन्हा मागितलं तर नाही म्हणायचं नाही. त्याची गडबड खिचडीत नाही.

ती गेटाबाहेर आहे. पाच रुपयांचा पुडा जाड मुलाच्या पोटात जेवणावर जातो आणि बारक्याच्या पोटात जेवणाऐवजी, दोघांचं नुकसान करणारा दुकानदार एकच. शाळेच्या गेटापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत असा नियम २०२० पासून कागदावर आहे. तो दाखवून टपरीवाल्या बाईशी भांडलीस तर ती ५१ व्या मीटरवर जाईल. तिला पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा, फुटाणे ठेवायला सांग, आणि पहिले काही दिवस तूच घे.

घरी निरोप पाठवताना जपून. पहाटे मजुरीला जाणाऱ्या आईनं पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले तर ते लाडानं नाही, वेळ नाही म्हणून. बारक्याच्या आईला महागड्या पावडरीचं नाव काढू नकोस. सकाळच्या चहा-बटरऐवजी रात्रीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर चमचाभर तेल. जमेल तेव्हा अंडं, नाहीतर मोडाची मटकी. जाड मुलाच्या आईला 'वजन उतरवा' म्हणू नकोस, वाढत्या मुलाला उपाशी ठेवतील. वजन आहे तिथं थांबू दे, उंची त्याला गाठेल. थंड पेयाची बाटली बंद, मोबाइल बघत जेवण बंद, आणि रोज तासभर धावणं. तू मात्र पीटीचा तास गणिताला देऊ नकोस. कुणी मागायला आलंच तर माझं नाव सांग.

मुलाच्या मानेमागे काळपट, मखमलीसारखा पट्टा दिसला तर तो मळ नव्हे. आया वजरीनं घासघासून कातडी सोलतात. तो बहुधा पुढच्या मधुमेहाच्या धोक्याचा इशारा असतो. तसंच जाड आणि वयाच्या मानानं बुटकं पोर, किंवा वजन चक्क उतरलेलं पोर यांची नावं आरोग्य तपासणीची गाडी यायच्या आधी वेगळी काढून ठेव, त्या गर्दीत मग सुचत नाही. जंताची गोळी चावून खायला लाव, तुझ्यासमोर. लोहाची गोळी, लहानांची गुलाबी, मोठ्यांची निळी, खिचडीनंतर, चहाबरोबर नको.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील. त्यांची पोरं तुझ्या पटावर नसतील, तरी आली तर काट्यावर उभी कर आणि वय, उंची, वजन, तारीख एका चिठ्ठीवर लिहून आईच्या हातात दे, गावाकडच्या बाईंना दाखवायला. चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात दे. टोळी उठायची तारीख आधी कुणी सांगत नाही.